मे महिन्यात गावी जाताय? आधी एसटीचा हिशोब मांडा

सुट्टीत मुंबईहून कोकणात जायचं म्हटलं की आपण रेल्वेचं वेटिंग बघतो आणि थेट खाजगी बसकडे वळतो. तिथे मे महिन्यातले भाव ऐकूनच घाम फुटतो. त्याआधी एसटीचा हिशोब कागदावर मांडाच.

महिलांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, 75 च्या पुढे मोफत, 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं. म्हणजे आई, बाबा, दहा वर्षांची लेक आणि शहात्तरीची आजी असे चौघे निघाले, तर पैसे फक्त दोन पूर्ण तिकिटांचे! आरक्षण केलंत तर त्याचा आकार वेगळा. आजीचं आधार कार्ड मात्र बॅगेच्या तळाशी नको, हाताशी ठेवा, कंडक्टर मागतोच. गोव्याला जाणार असाल तर सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच.

बऱ्याच ठिकाणी फिरायचं असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’ हा 4 किंवा 7 दिवसांचा पास आहे. पण ज्यांना आधीच अर्धं तिकीट आहे, त्यांनी नीट बेरीज करूनच तो घ्यावा. पुष्कळदा सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.