रस्त्यावरून शूट करताय? आधी पायाखाली बघा

आपल्याकडे रस्त्यावर व्हिडिओ काढायला परवानगी देणारा असा वेगळा कायदाच नाहीये. हा हक्क येतो संविधानाच्या अनुच्छेद १९ मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यातून, आणि त्यालाही मर्यादा आहेतच. म्हणून परवानगी कुठं लिहिलीय ते शोधत बसू नका, मनाई कुठं आहे तेवढं बघा.

नेहमीचा सीन म्हणजे गेटवरचा वॉचमन येतो, लेन्सवर पंजा ठेवतो आणि म्हणतो शूटिंग अलाउड नाही. अशा वेळी तुम्ही नक्की कुठं उभे आहात ते बघा, कारण गेटसमोरचा उतार किंवा पार्किंगची पट्टी बऱ्याचदा त्यांच्याच हद्दीत असते, तर वाद न घालता चार पावलं मागे फुटपाथवर या आणि तिथून काढा. मॉल, हॉस्पिटल, मेट्रो स्टेशन इथं लोकांची कितीही गर्दी असली तरी नियम त्या जागेचे चालतात.

लष्करी ठिकाणांच्या नादी मात्र लागू नका, बाहेरून सुद्धा नको. १९२३ चा शासकीय गुपितं कायदा तिथं लागतो. हाच कायदा दाखवून पोलीस स्टेशनमध्ये व्हिडिओ काढणाऱ्यांवर केस व्हायची, पण २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की पोलीस स्टेशन हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही रस्त्यावर आहात म्हणून झूम करून कोणाच्या बेडरूमच्या खिडकीत घुसायचं नाही. बाईचे खाजगी क्षण टिपले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं, पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षं शिक्षा आहे, तिथं फुटपाथ वगैरे काही कामाला येत नाही. आणि गर्दीचा व्हिडिओ काढणं वेगळं, एकाच बाईच्या मागे मागे कॅमेरा घेऊन फिरणं वेगळं, ते मला तरी कलमाआधी माणुसकीतच बसत नाही.

पोलिसांचं शूट करताना अंतर ठेवा. त्यांच्या कामात अडथळा आणला असं म्हणायला जागाच देऊ नका, कारण न्याय संहितेचं कलम २२१ लावायला वेळ लागत नाही. हुज्जत घालू नका, 'साहेब, कोणत्या कलमाखाली थांबवताय?' एवढंच विचारा, आवाज न चढवता. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा जमावबंदीसारखा आदेश असेल तर त्यात शूटिंगबद्दल काही आहे का ते विचारा, असेल तर थांबा. मोबाईल मागितला तर हे लक्षात असू द्या की याच संहितेच्या कलम १०६ मध्ये गुन्ह्याशी संबंध वाटला तर वस्तू जप्त करायचा अधिकार आहे, पण 'डिलीट कर' म्हणायचा अधिकार त्यात नाही. मोबाईल घेतलाच तर ओढाताण नको, जप्तीचा पंचनामा लेखी मागा. आणि क्लाउड बॅकअप आधीच चालू ठेवा.

ड्रोनचं गणित पूर्ण वेगळं, त्याला २०२१ चे ड्रोन नियम आहेत. उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर तुमचा एरिया रेड, यलो की ग्रीन झोनमध्ये आहे ते बघून घ्या.