विभागाच्या संकेतस्थळाची पुनर्रचना करताना या चुका टाळा

विद्यापीठातील एखाद्या विभागाचे संकेतस्थळ नव्याने करायचे ठरले, की पहिल्या बैठकीत चर्चा रंगते ती रंगसंगतीची आणि मुखपृष्ठावरील सरकत्या छायाचित्रांची. तेथे कोण येते आणि काय शोधत येते, हा प्रश्न मागे पडतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे विभागाची प्रशासकीय रचना जशीच्या तशी मेनूत उतरवणे. प्रवेशेच्छूला पात्रता, शुल्क आणि अर्जाची अंतिम तारीख हवी असते. ते काम कोणत्या समितीच्या अखत्यारीत येते, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. यावर उपाय म्हणून ‘विद्यार्थी’, ‘पालक’, ‘माजी विद्यार्थी’, ‘संशोधक’ अशी दालने उघडली जातात. हा उपाय वरवर बिनतोड वाटतो, पण माझ्या मते तो मूळ दुखण्याहून त्रासदायक ठरतो. ‘विद्यार्थी’ या शब्दात शिकत असलेला आणि प्रवेश घेऊ पाहणारा असे दोघेही येतात, आणि प्रवेशाआधी चालू वेळापत्रक नजरेखालून घालू इच्छिणाऱ्याने नेमके कोणत्या दालनात जावे, हे त्याला कळत नाही. शिवाय एकच शुल्कतक्ता तीन दालनांत डकवला जातो आणि शुल्क बदलले, की एका ठिकाणी दुरुस्ती होऊन उरलेल्या दोन ठिकाणी जुना आकडा तसाच राहतो.

त्याऐवजी मेनू प्रवेश, अभ्यासक्रम, संशोधन, अध्यापक, संपर्क असा विषयवार आखावा, प्रत्येक माहितीला एकच पान द्यावे आणि दालने ठेवायचीच असतील तर त्यांत केवळ त्या पानांचे दुवे असावेत. आराखडा पक्का करण्यापूर्वी पानांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून काही विद्यार्थ्यांना त्यांचे गट पाडायला सांगावेत. जुन्या संकेतस्थळाच्या शोधपेटीत लोकांनी काय टंकले आणि कार्यालयात फोनवर रोज काय विचारले जाते, हेही पाहावे.

दुसरी चूक सवयीची आहे: वेळापत्रक छापायचे, त्यावर सही-शिक्का घ्यायचा आणि स्कॅन केलेली पीडीएफ चढवायची. मोबाइलवर ती दोन बोटांनी मोठी करून आडवी-उभी सरकवत वाचावी लागते, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तर त्यात एक अक्षरही सापडत नाही. वेळापत्रक पानावरच मजकुराच्या तक्त्यात द्यावे आणि सहीची प्रत सोबत जोडावी. फिकट राखाडी अक्षरेही टाळावीत; संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे (कॉन्ट्रास्टचे) प्रमाण किमान ४.५:१ असायला हवे.

नवे संकेतस्थळ सुरू होताच ‘पान सापडत नाही’ अशा तक्रारी येऊ लागल्या, तर जुन्या पानांचे वेब-पत्ते तपासावेत. शोधनिबंधांत आणि इतर संस्थांच्या पानांवर ते वर्षानुवर्षे नोंदलेले असतात. सर्व जुन्या पत्त्यांची यादी आधीच करून प्रत्येकाला ३०१ या कायमस्वरूपी पुनर्निर्देशनाने (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणाऱ्या सोयीने) योग्य नव्या पानाशी जोडावे; सरसकट सगळे मुखपृष्ठाकडे वळवू नयेत, कारण मग वाचकाला शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. त्यानंतरही ४०४ (पान सापडले नाही) या त्रुटींची नोंद पहिले काही आठवडे दररोज पाहावी.

प्रत्येक पानाची जबाबदारी कोणाकडे आहे आणि ते पुन्हा कधी तपासायचे, हे काम सुरू असतानाच लिहून ठेवावे. संशोधनाची पाने प्रवेशाचे काम पाहणाऱ्या लिपिकाच्या गळ्यात पडली, तर ती ऐन प्रवेशाच्या हंगामात शिळी होतात.