कोल्हापुरातून मराठी ब्लॉग: पहिल्या पोस्टपासून पहिल्या कमाईपर्यंत

ब्लॉगमधून पैसे मिळतात का? मिळतात. पण मराठी ब्लॉगला ते नेमके कुठून मिळतात, हे सुरू करण्याआधी समजून घेतलेलं बरं. बहुतेक नवे लेखक जाहिरातींच्या भरवशावर उतरतात, मराठी वाचनाला मिळणारा जाहिरातीचा दर बघून दोन-तीन महिन्यांत हिरमुसतात आणि सोडून देतात. कोल्हापुरात राहणाऱ्याला यापेक्षा चांगला रस्ता आहे. अंबाबाईच्या दर्शनाला, पन्हाळ्याला, जोतिबाला वर्षभर बाहेरगावची माणसं येतात. इथला गूळ, चपला, साज, मसाले बाहेर जातात. यातल्या कशाबद्दलही मराठीत खात्रीची, ताजी माहिती शोधून बघा, फार थोडी सापडेल. ती देणाऱ्याला वाचक मिळतात आणि वाचकांच्या मागून पैसेही येतात.

विषय कसा ठरवायचा

‘कोल्हापूरची माहिती’ हा ब्लॉगचा विषय होत नाही. अंबाबाई मंदिराचा इतिहास, रंकाळ्याचं वर्णन, शाहू महाराजांचं चरित्र यांवर शेकडो पानं आधीच आहेत, आणि अशा सर्वसाधारण प्रश्नांची उत्तरं आता गूगल स्वतःच वरच्या बाजूला लिहून देतो. वाचक खाली उतरतच नाही. म्हणून विषय असा घ्या, ज्याचं उत्तर द्यायला तिथं जावं लागतं, हातात धरून बघावं लागतं, कुणाला तरी विचारावं लागतं.

चपलेचंच घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, ही माहिती कुठंही मिळते. पण नवी चप्पल पायाला चावते तेव्हा काय करायचं, कापशी आणि साध्या चपलेत फरक काय, बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं वासावरून आणि रंगावरून कसं ओळखायचं, पावसाळ्यात ती घालायची की गुंडाळून ठेवायची, हे चप्पल लाईनमधला दुकानदार किंवा सुभाषनगरातला कारागीरच नीट सांगू शकतो. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि एकदम सगळीकडे या चपलेची चर्चा सुरू झाली. अशा वेळी ज्याच्याकडे आधीपासून दहा-बारा पक्के लेख तयार असतात, त्याच्याकडे वाचक येतात. त्या दिवशी घाईनं लिहायला बसणाऱ्याचा लेख गर्दीत हरवतो.

गुळाचं तसंच. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं सुरू झाली की एखाद्या गुऱ्हाळावर दिवसभर थांबा. काहिलीतला रस उकळताना भेंडीचं पाणी का घालतात, पाक तयार झाला हे गुळव्या कशावरून ठरवतो, पिवळाधमक गूळ चांगलाच असतो का, हे त्याला विचारून लिहा. घरात गूळ घेणाऱ्या प्रत्येकाला याचं उत्तर हवं असतं.

विषय सुचले तरी लगेच ब्लॉग उघडू नका. आधी कागदावर तीस प्रश्न लिहून काढा, लोक तुम्हाला प्रत्यक्षात विचारतात तसे. पाहुणे आले की काय विचारतात? पुण्यातली बहीण फोनवर काय विचारते? मग तेच प्रश्न गूगलमध्ये टाकून बघा. टाइप करताना खाली जे पर्याय येतात, तेही लिहून घ्या, कारण ते खरोखर शोधले जाणारे शब्द असतात. गूगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून कोणता शब्द कोणत्या महिन्यात जास्त शोधला जातो, हेही फुकट दिसतं. तीस प्रश्न निघाले नाहीत, तर तो विषय वर्षभर पुरणार नाही. दुसरा घ्या.

ब्लॉग कुठं उघडायचा

यावर फार डोकं खाऊ नका. पैसे घालायचे नसतील तर ब्लॉगर पुरेसं आहे. १९९९ पासून चालू असलेली ही सेवा २००३ पासून गूगलकडे आहे. जीमेल खातं असलं की अर्ध्या तासात ब्लॉग तयार होतो. पुढं स्वतःच्या वस्तू विकायच्या असतील, पानाची रचना मनासारखी हवी असेल, तर होस्टिंग (ब्लॉग ठेवायला भाड्यानं मिळणारी इंटरनेटवरची जागा) घेऊन त्यावर वर्डप्रेस हे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर बसवा. कोणतंही घेतलं तरी स्वतःचं डोमेन, म्हणजे ब्लॉगचं इंटरनेटवरचं स्वतःचं नाव, मात्र पहिल्याच महिन्यात घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ‘डॉट इन’चं डोमेन साधारण हजार रुपयांच्या आत वर्षभरासाठी मिळतं. पहिल्या वर्षाची सवलत बघून घेऊ नका, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती पडतील ते बघा. नाव छोटं, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता येईल असं ठेवा.

मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्याला हमखास नडणारी एक गोष्ट आहे लेखाच्या पत्त्याची, म्हणजे लिंकची. देवनागरीत शीर्षक दिलं की ब्लॉगर पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढं आकडा टाकतो. वर्डप्रेस देवनागरी पत्ता ठेवतो, पण तो व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक तिच्यावर बोट ठेवायला घाबरतात. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हातानं, रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांचा टाका. नंतर बदलला तर आधी पाठवलेल्या लिंक तुटू शकतात.

टायपिंग युनिकोडमध्येच (मोबाइल, संगणक सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) हवं. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर गूगलला वाचता येत नाही. मोबाइलवर गूगलच्या जीबोर्ड ॲपचा मराठी कीबोर्ड घ्या. बोलून लिहायचं असेल तर त्यातलं मराठी व्हॉइस टायपिंग चांगलं चालतं, फक्त विरामचिन्हं आणि शुद्धलेखन नंतर बसून तपासावं लागतं.

लिहायचं कसं

पहिल्या चार ओळींत उत्तर द्या. पन्हाळ्याला बसनं कसं जायचं हे विचारणाऱ्याला गडाचा इतिहास नको असतो. गाडी कुठून सुटते, तिकीट किती, शेवटची परतीची गाडी किती वाजता, हे हवं असतं. आणि लेखाच्या वर तारीख हवीच: ‘ही माहिती अमुक महिन्यात प्रत्यक्ष जाऊन घेतली आहे.’ या एका ओळीनं वाचकाचा विश्वास जेवढा बसतो, तेवढा दहा सुंदर फोटोंनी बसत नाही.

फोटो स्वतःचेच वापरा. गूगलवरून उचललेला फोटो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, वर्तमानपत्राची बातमी जशीच्या तशी चिकटवणं तर सरळ चोरी आहे. कारागिराचा, दुकानदाराचा फोटो किंवा बोलणं छापण्याआधी त्याला विचारा. एआयकडून लेख लिहून घेणाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं, की त्याला कोल्हापुरातली आजची परिस्थिती माहीत नसते. शुद्धलेखन तपासायला, शीर्षक सुचवायला त्याचा उपयोग करा. माहिती मात्र तुमच्या पायानं आणलेली हवी.

वेळेचं गणितही इथंच येतं. अंबाबाईचा किरणोत्सव परंपरेनं ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा असतो. त्यावरचा लेख निदान महिनाभर आधी प्रसिद्ध व्हायला हवा, कारण नव्या ब्लॉगचं पान गूगलच्या शोधात वर यायला वेळ लागतो. चैत्रातली जोतिबाची यात्रा, नवरात्र, पावसाळ्यातलं दाजीपूर-राधानगरी, सगळ्याचं वर्षाचं कॅलेंडर करून भिंतीवर लावा. अचानक नवी गरजही उभी राहते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले पक्षकार आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या त्याच्या इमारतीत येतात. सकाळी लवकर पोचायचं तर कुठं उतरायचं, जेवण कुठं, झेरॉक्स कुठं, गाडी कुठं लावायची, हे एका पानावर मिळालं तर त्यांची किती सोय होईल! त्याच वर्षी जुलैमध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा तिथल्या माहितीची मागणीही वाढणारच.

आठवड्याला एक लेख पुरे, पण तो चुकवू नका. पंधरा-वीस लेख होईपर्यंत कमाईचा विचार बाजूला ठेवा.

वाचकांपर्यंत पोचवणं

गूगल सर्च कन्सोल या गूगलच्या फुकट सेवेत ब्लॉगची नोंद करा आणि साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरच्या सगळ्या पानांची यादी, द्या. दोन-तीन महिन्यांनी तिथं लोक कोणते शब्द टाकून तुमच्या पानावर आले, ते दिसतं. तो तक्ता मन लावून वाचा, पुढच्या लेखाचे विषय त्यातच असतात. बरेच मराठी वाचक रोमन लिपीत मराठी टाइप करतात, हेही त्यात लक्षात येईल. व्हॉट्सॲप चॅनेल काढा. कुटुंबाच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज लिंक टाकू नका. ज्या दिवशी त्या ग्रुपला खरंच उपयोगी लेख असेल, त्या दिवशी टाका.

आता पैशाचं

पहिला मार्ग गूगल ॲडसेन्स, म्हणजे तुमच्या पानावर गूगलनं लावलेल्या जाहिरातींचे पैसे. मराठी ब्लॉगला ते मिळतं, ब्लॉगरच्या फुकट पत्त्यावरही मिळतं. वय १८ पूर्ण हवं. ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’ आणि गोपनीयता धोरण ही पानं आधी करून मग अर्ज करा. खात्यात १० डॉलर झाले की पत्त्याच्या पडताळणीसाठी पोस्टानं पिन (खात्यात टाकायचा गुप्त आकडा) येतो, म्हणून पत्ता पोस्टमनला घर सापडेल असा, पिनकोडसह लिहा. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. झाले की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान बँकेकडे रवाना होतात. त्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येण्यासाठीची बँकेची खूण) लागतो. तुमच्या शाखेला तो नसेल तर बँकेची कोणती शाखा परदेशी रक्कम घेते, ते विचारून घ्या.

गणित करून बघू. समजा हजार वाचनांमागे ४० रुपये पडले आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर पहिले १०० डॉलर व्हायला दोन लाखांहून जास्त वाचनं लागतात. तुमचा दर याहून कमी-जास्त असेल, पण अंदाज येतो. जाहिरात ठेवा, तिच्यावर घर चालवायचं स्वप्न ठेवू नका. आणि स्वतःच्या जाहिरातींवर कधी क्लिक करू नका, मित्रांनाही करायला सांगू नका. गूगलला ते कळतं आणि खातं बंद होतं.

दुसरा मार्ग ॲफिलिएटचा. तुमच्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की कमिशन मिळतं. ट्रेकिंगचे बूट, रेनकोट, कॅमेऱ्याचं सामान यांना तो बरा आहे. स्वतः वापरलेल्याच वस्तूची शिफारस करा.

खरी कमाई तिसऱ्या आणि चौथ्या मार्गानं होते. तिसरा म्हणजे स्थानिक व्यवसाय. गडाजवळचं निवासस्थान, चपलेचं दुकान, घरगुती चटणी-मसाले करणाऱ्या ताई, यांना बाहेरगावचं गिऱ्हाईक हवं असतं आणि तुमचे वाचक बाहेरगावचेच असतात. त्यांना सर्च कन्सोलचा महिन्याचा तक्ता दाखवा, पानावर ठरावीक काळासाठी जागा द्या आणि दर महिन्याला किती जणांनी त्यांच्या नंबरवर बोट ठेवलं ते सांगा. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन लिहिलं असेल, तर लेखाच्या सुरुवातीलाच ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा. ग्राहक संरक्षणाच्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे.

चौथा मार्ग स्वतः विकण्याचा. गुळावर वर्षभर खरं लिहिणाऱ्यानं ‘या हंगामात अमुक गुऱ्हाळावरून गूळ मागवतोय’ असं म्हटलं, तर वाचक विचारतात, ‘आम्हाला पण मिळेल का?’ व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग ठेवा, पैसे आधी यूपीआयनं घ्या, कुरिअरचं भाडं वेगळं सांगा. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी काढावी लागते, घरच्या स्वयंपाकघरातून विकत असलात तरीसुद्धा. वस्तू विकायची नसेल तर सेवा विका: लेख वाचून अनेक छोटे दुकानदार ‘आमच्यासाठीही असं लिहून द्याल का?’ म्हणून येतात, आणि मराठीत नीट लिहिणाऱ्याला हे काम सर्वांत लवकर मिळतं.

हिशोब

पहिल्या रुपयापासून वही ठेवा. यातली कमाई आयकराच्या विवरणपत्रात दाखवावी लागते. डोमेन, होस्टिंग, इंटरनेट, कामासाठीचा प्रवास यांच्या पावत्या असतील तर तो खर्च म्हणून दाखवता येतो. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते, वस्तू विकत असाल किंवा परदेशातून पैसे येत असतील तर नियम थोडे वेगळे पडतात, म्हणून पैसे सुरू होताच सीएकडे एकदा तासभर बसून घ्या. ब्लॉगचे पैसे वेगळ्या बँक खात्यात घेतले, तर मार्चमध्ये हे सगळं एका बैठकीत उरकतं.