पायाभूत गणिताचा वर्ग सुरू होण्याआधी

प्रवेशानंतरच्या चाचणीवरून तुम्हाला कॉलेजच्या गणिताआधी पायाभूत वर्ग करायला सांगितला असेल, तर पुस्तक उघडायच्या आधी थोडी चौकशी करा. या वर्गाचे श्रेयांक पदवीत धरतात की नुसतं पास व्हावं लागतं? चाचणी पुन्हा देता येते का? बऱ्याच जणांना गणित येत नसतं असं नाही, दोन-तीन वर्षं हात लागलेला नसतो एवढंच. त्यांनी थोडी उजळणी करून पुन्हा चाचणी दिली तर अख्खं सत्र वाचू शकतं. काही कॉलेजांत वेगळा वर्ग न लावता थेट मुख्य विषयाला बसवतात आणि सोबत जादा तास देतात. कच्चेपणा थोडाच असेल तर मी हाच पर्याय घ्यायला सांगेन. वेगळा वर्ग म्हटला की फी वाढते, वेळ वाढतो आणि मधेच सोडून देण्याची आणखी एक संधी तयार होते.

पुढे कोणता विषय घ्यायचा आहे तेही आत्ताच ठरवा, कारण तयारी त्यावरच अवलंबून आहे. संख्याशास्त्राकडे जाणाऱ्याला शेकडेवारी, गुणोत्तर, आलेख वाचणं आणि सूत्रात किमती घालणं पक्कं हवं. बहुपदींचे अवयव पाडण्यात त्याने महिनाभर घालवायचं कारण नाही. कॅल्क्युलसकडे जाणाऱ्याला मात्र बीजगणितातून सुटका नाही. घातांक, फंक्शन, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती हे सगळं त्याला लागणार.

मग एक दिवस कॅल्क्युलेटर लांब ठेवून स्वतःची परीक्षा घ्या, आणि ती शाळेतल्या खालच्या इयत्तांपासून सुरू करा. चूक दिसते वर्गसमीकरणात, पण अनेकदा तिचं मूळ अपूर्णांकात असतं. १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहिणारा विद्यार्थी क्ष/२ + क्ष/३ लाही तसाच फसतो. बरोबर उत्तरं ५/६ आणि ५क्ष/६. समच्छेद का करायचा हे स्वतःच्या शब्दांत सांगता येतंय का ते पाहा. नुसती रीत पाठ असेल तर अक्षरं आली की ती विसरते. छेद उडवण्याची खोड तर फारच चिवट. (क्ष + ६)/६ मधले दोन्ही सहा खोडून क्ष उरवणारे पुष्कळ भेटतात. तिथे क्ष = ६ घालून बघा. खरी किंमत २ येते, खोडाखोडीची ६. अशी एखादी संख्या घालून ताळा करायची सवय वर्ग सुरू व्हायच्या आधीच लावून घ्या. ती शिकवायला शिक्षक लागत नाही आणि निम्म्या शंका तिथेच मिटतात.

याच ताळ्यावर आणखी दोन-तीन गोष्टी घासून घ्या. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² नव्हे, मधलं २अब राहतं. √(९ + १६) हे ५ आहे, ३ + ४ नव्हे. क्ष² = ५क्ष ला दोन्ही बाजूंनी क्ष ने भागलं तर ० हे उत्तर हातचं निसटतं. असमानतेला ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं. −३² ची किंमत −९, आणि (−३)² ची ९. इथे यंत्रावर विसंबू नका. गणिताच्या रूढ लेखनात पहिल्याचं उत्तर −९ असलं तरी एक्सेलमध्ये =-३^२ असं लिहिलं की ९ येतं. कंस घालण्यात कंजूषपणा नको.

बरोबरचं चिन्ह (=) तुम्ही कसं वापरता तेही तपासा. वेल्श गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये त्यासाठी दोन समांतर रेषा वापरल्या, कारण त्याहून समान दोन गोष्टी त्यांना सुचेनात. आपण मात्र कॅल्क्युलेटरच्या सवयीने त्या चिन्हाला ‘आता उत्तर लिहा’ असं समजतो आणि ३ + ४ = ७ × २ = १४ अशी साखळी लिहून मोकळे होतो. समीकरण सोडवताना नेमकी हीच सवय नडते.

चुकांचे दोन ढीग करा. पाहिल्यावर लगेच आठवलं ते एका बाजूला, कधी कळलंच नव्हतं ते दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगाला रोज अर्धा तास सराव पुरतो. दुसऱ्यासाठी माणूस लागतो, म्हणून कॉलेजात गणित मदत केंद्र किंवा शिकवणी तास आहेत का, त्यांच्या वेळा काय, ते लिहून ठेवा. वर्ग शिक्षक घेणार की संगणकावर आपापल्या गतीने करायचा, हेही विचारा. संगणकावर असेल तर आठवड्याचे तास स्वतःच बांधून घ्यावे लागतात, आणि रेंगाळणाऱ्यांना तो प्रकार झेपत नाही.

सामान थोडंच लागतं. चौकटींची वही, पेन्सिल, आणि परीक्षेत चालणारं कॅल्क्युलेटरचं मॉडेल. ते कोणतं हे पहिल्या तासाला विचारूनच घ्या. पायऱ्या एकाखाली एक लिहा. दुसऱ्या ढिगातली गणितं वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा आणि पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना दाखवा.