व्हॅक्युम ओढत नाही? आधी फिल्टर काढून बघा

पुण्यात नऱ्ह्याला छोट्या गाळ्यात सुतारकाम सुरू केलं तेव्हा माझ्याकडे एक टेबल सॉ (टेबलात बसवलेली करवत), राउटर (खाचा पाडायचं मशीन), सँडर (लाकूड घासायचं मशीन) आणि २० लिटरचा, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा वेट-ड्राय व्हॅक्युम एवढंच होतं, आणि एमडीएफ (लाकडाचा बारीक चुरा दाबून केलेला बोर्ड) कापायला घेतलं की दहा मिनिटात व्हॅक्युमची ओढ मरायची. मला वाटलं मोटरच गेली. कार्बन ब्रश आणायला निघालोच होतो, तर ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिस्त्रीकाका म्हणाले, अरे आधी फिल्टर काढून तर बघ. काढला, घड्यांमध्ये पीठ ठासून भरल्यासारखा दिसत होता!

त्यामुळे नवीन लोकांनी जास्त वॅटचं मशीन घ्यायला धावू नका, भुसा फिल्टरपर्यंत पोचणारच नाही असं काहीतरी करा. लाकडाच्या मोठ्या मिलबाहेर पत्र्याचं उंच नरसाळं दिसतं ना, तो सायक्लोन. हवा त्यात कडेने शिरते, गरगर फिरते, जड भुसा भिंतीला लागून खाली बादलीत पडतो आणि हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. त्याचाच छोटा प्लॅस्टिकचा अवतार ऑनलाइन मिळतो, बादलीच्या झाकणावर बसवायचा आणि सॉ आणि व्हॅक्युमच्या मधे जोडायचा, बस.

मी पेंटची रिकामी बादली घेतली आणि तिथेच फसलो. प्लायचा एक तुकडा पाइपात अडकला, हवा बंद झाली आणि फट् करून बादली आत चेपली, बाजूच्या गाळ्यातले लोक बघायला आले. आता एकात एक अशा दोन बादल्या घालतो, टिकतंय. जाड प्लॅस्टिकचा ड्रम मिळाला तर उत्तमच.

झाकणाची फट मात्र अजिबात ठेवू नका. खालून हवा आत आली की पडलेला भुसा परत उडतो आणि थेट फिल्टरवर जातो. मी काठाला दाराला लावतात ती फोमची पट्टी लावली आणि सायक्लोनच्या बुडाला सिलिकॉन. बादली अर्ध्याच्या वर गेली की रिकामी करा, आळस केला की सगळं मुसळ केरात.

पाइप जितका आखूड तितका बरा. शिवाय व्हॅक्युम जोरात ओढतो पण हवा कमी उचलतो, म्हणून सँडर-राउटरला मस्त चालतो, मोठ्या रंधा मशीनला नाही, तिथे ४ इंची पाइपचा डस्ट कलेक्टरच (भरपूर हवा उचलणारं भुसा ओढायचं मोठं मशीन) लागतो, उगाच रिड्युसर (जाड-बारीक पाइप जोडायचा तुकडा) जोडत बोहरी आळीत चकरा मारू नका (मी मारल्यात). प्लॅस्टिकच्या पाइपातून कोरडा भुसा गेला की स्टॅटिक करंटचे चटके बसतात, त्यासाठी तांब्याची उघडी तार पाइपवर गुंडाळून अर्थिंगला जोडली.

आता खरी गोम. सायक्लोन डोळ्यांना दिसणारा भुसा पकडतो, पण सगळ्यात बारीक धूळ निसटते आणि तीच फुप्फुसात जाते. डब्ल्यूएचओची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्यांमध्ये धरते, नाकाच्या पोकळीचा वगैरे. म्हणून व्हॅक्युमला हेपा फिल्टर टाकला, तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि तो आता लवकर तुंबत नाही कारण पुढे सायक्लोन आहे. तरी एन९५ मास्क लावतोच, काका हसतात.

विजेचं पण बघा, १४०० वॅटचा सॉ आणि तेवढाच व्हॅक्युम एकदम चालू म्हणजे २३० व्होल्टला १२ अँपिअरच्या वर जातं, ६ अँपिअरच्या बोर्डावर दोन्ही लावू नका.

आणि बादलीतला भुसा. आमच्याकडे पोल्ट्रीवाला कोंबड्यांखाली पसरायला न्यायला येतो, त्याला फक्त साध्या लाकडाचा देतो. एमडीएफ-प्लायमध्ये डिंक आणि फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन असतं, म्हणून त्याची पोती वेगळी बांधून ठेवतो, मागितली तरी देत नाही.