बॉल पायथन डोलतोय: जन्माचा वॉबल की आजार, घरच्या घरी कसं ओळखायचं

माझ्याकडे बॉल पायथनची, म्हणजे आफ्रिकेतल्या छोट्या पाळीव अजगराची, स्पायडर मॉर्फची (मॉर्फ म्हणजे निवडून पैदा केलेला रंग-नक्षीचा प्रकार) मादी आहे, नाव चकली, कारण उंदीर समोर आला की हिची मान अशी पिळते की जणू सोऱ्यातूनच पडतेय. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिला बघून विचारतो, पुंगी कुठाय? आणि मी तीन वर्षं प्रत्येकाला एकच उत्तर देत आलो, काही नाही हो, जन्मजात वॉबल आहे. शेवटी या उत्तरानेच माझा घात केला, ते खाली येईलच.

आधी वॉबल, म्हणजे हे डोकं-मान डोलणं, काय असतं ते थोडक्यात. २०२२ मध्ये संशोधकांनी स्पायडर सापांच्या डोक्याचे बारीक सीटी स्कॅन केले, तर आतल्या कानाची घडणच बिघडलेली निघाली, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि सॅक्युलस नावाची पिशवी दोन्ही वेड्यावाकड्या. म्हणजे तोल सांगणारं यंत्रच अंड्यातून वाकडं आलेलं असतं. त्यामुळे हा वॉबल दुसऱ्या सापाला लागत नाही, त्याला औषध नाही, आणि चार वर्षं ठणठणीत असलेल्या सापाला एका सकाळी अचानक तो होत नाही. हे शेवटचं नीट डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पायरी १: मॉर्फ तपासा.

स्पायडर, वोमा, शॅम्पेन, सेबल या मॉर्फमध्ये वॉबल माहितीचा आहे. गंमत अशी की विकताना नावात स्पायडर दिसेलच असं नाही, बंबलबी म्हणजे पास्टल अधिक स्पायडर, पण घेणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. ज्याच्याकडून घेतला त्याला आई-बापाचे मॉर्फ विचारा. तुमचा साप साधा नॉर्मल किंवा नुसता पास्टल असेल आणि डोकं हलवत असेल, तर वॉबल हा शब्द डोक्यातून काढून टाका आणि सरळ डॉक्टरचा नंबर शोधायला लागा.

पायरी २: हात लावायच्या आधी तापमान बघा.

गरम बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७, इतकंच हवं. थर्मोस्टॅटवरचा आकडा खरा मानू नका, थर्मामीटरचा वेगळा प्रोब टाकून मोजा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि वरच्या मजल्यावर स्लॅब संध्याकाळपर्यंत भट्टी असतो, त्यात हीट मॅटचा प्रोब सरकला की साप भाजून निघतो. उन्हाने बाधलेला साप आधी सैरभैर पळतो, तोंड उघडतो, गरगर वळतो आणि मग ढिला पडतो, आणि बघणाऱ्याला तो वॉबलच वाटतो. असं असेल तर थंड खोलीत हलवा, कोमट पाण्यात ठेवा, डोकं पाण्याबाहेर राहील असं धरा, बर्फ-बिर्फ लावू नका, आणि डॉक्टरला फोन करा. उलट डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची थंडी शहरातही जाणवते, रात्री लाइट गेली तर साप नुसता सुस्त होतो, त्याला ऊब दिली की तासा-दोन तासात हालचाल परत येते.

पायरी ३: दहा मिनिटं नुसतं बघा, मोबाइलवर शूट करा.

वॉबलवाला साप शांत पडलेला असताना बऱ्यापैकी स्थिर असतो, आणि खायच्या वेळी किंवा घाबरला की डोकं जास्त हलतं, नेम चुकतो, मान उलटी फिरते. पण जीभ नीट बाहेर येते, अंगाला पीळ असतो, हातावर पकड घट्ट असते, आणि खाणं, शी, कात सगळं वेळच्या वेळी चालू. ज्यांचा वॉबल जास्त आहे त्यांचं डोकं पडल्या पडल्याही थोडं हलतं, म्हणून तर जुना व्हिडिओ लागतो, तुमचा साप नेहमी कसा असतो हे इंटरनेट सांगणार नाही. काळजी कधी करायची? पडलेला असताना नव्याने थरथर सुरू झाली, डोकं छताकडे लावून तसाच बसलाय, डोळ्याची एक बाहुली मोठी एक बारीक, शेपटी झटके मारतेय, अंग ओल्या दोरीसारखं लोंबतंय, तेव्हा. नुसतं जेवत नाही म्हणून घाबरू नका, बॉल पायथन थंडीत महिना-दोन महिने उपास करतो, खासकरून नर. किचनच्या वजनकाट्यावर दर महिन्याला वजन घ्या, ते घसरत गेलं तर मात्र ती वेगळी गोष्ट.

साप अलगद उताणा करून बघायची पण एक पद्धत आहे, निरोगी साप लगेच डोक्यापासून सुलटा व्हायला लागतो. पण जास्त वॉबलवाला यातही अडखळतो, त्यामुळे नेहमी लगेच सुलटा होणारा आज तसाच पडून राहिला तरच त्याला अर्थ आहे. एकदाच करा, पोरांना दाखवायला परत परत नको.

पायरी ४: घरात काय फवारलंय ते आठवा.

आता माझी गोष्ट. दिवाळीच्या आधी आम्ही पेस्ट कंट्रोल करून घेतलं, फक्त किचन आणि बाथरूम, चकलीच्या खोलीचं दार बंद होतं म्हणून मी निर्धास्त. संध्याकाळी तिचं डोकं जास्त हलत होतं, बायको म्हणाली अहो हे नेहमीसारखं नाहीये, आणि मी माझं पाठ केलेलं उत्तर दिलं. सकाळी बघतो तर ती पडल्या जागी थरथरतेय, तोंड अर्धवट उघडं, शेपटी वळवळतेय. जुलैमधला व्हिडिओ काढला, त्यात शांत असताना डोकं एकदम स्थिर. डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न काय विचारला, घरात काही मारलंय का. दारं बंद असली तरी वास खालून येतोच हो. सुदैवाने वाचली, पंधरा दिवसांनी तिचा स्वतःचा वॉबल तेवढा उरला.

आपल्याकडे तर हा धोका जास्तच आहे. पिंपळगाव, दिंडोरी, ओझर पट्ट्यात घर द्राक्षबागेला लागून असतं, फवारणीच्या दिवसांत खिडकी उघडी राहिली की झालं. क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फेट औषधं थेट नसांवर काम करतात. डास मारायचे स्प्रे आणि पावसाळ्यातली धुरळणी पण या धोक्यातच धरा. आणि सगळ्यात कॉमन चूक म्हणजे माइट्स (अंगावर होणारे बारीक किडे) झाले म्हणून कुत्र्याचं पिसवांचं औषध सापाला चोळणं, त्यातलं परमेथ्रिन जास्त झालं की साप असाच थरथरतो. लक्षण दिसलं की साप मोकळ्या हवेच्या खोलीत हलवा, खालचा कागद आणि पाणी बदला, अंगावर औषध लागलं असेल तर कोमट पाण्याने धुवा, आणि औषधाच्या डब्याचा फोटो डॉक्टरला पाठवा, कारण कुठलं विष त्यावर उपचार ठरतो.

पायरी ५: तोंड आणि श्वास ऐका.

ही पायरी लोक सोडतात. छातीत कफ झालेला साप श्वास घेता यावा म्हणून मान वर धरून बसतो आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं मेंदूचं काहीतरी आहे. कान जवळ नेऊन ऐका, शिट्टीसारखा किंवा गुळगुळ आवाज, नाकाशी बुडबुडे, तोंडात चिकट लाळ, हे न्यूमोनियाकडे बोट दाखवतं. यामागे निडोव्हायरस नावाचा व्हायरस असू शकतो, किंवा सापाला ठेवलेला नुसता थंड-ओलसर टबही पुरतो. डॉक्टर मात्र दोन्हीकडे लागतोच.

पायरी ६: व्हायरसची शंका आली की साप वेगळा करा.

ज्याला सगळे आयबीडी म्हणतात, इन्क्लुजन बॉडी डिसीज, सापांचा एक व्हायरसचा आजार, त्याच्याशी संबंध असलेले रेप्टअरेनाव्हायरस २०१२ मध्ये सापडले. २०१७ च्या एका प्रयोगात बोआ (पाळला जाणारा दुसरा विदेशी साप) आणि बॉल पायथन दोघांना हा व्हायरस टोचला, बोआ दोन वर्षं वरून ठणठणीत राहिले आणि बॉल पायथन दोन महिन्यांच्या आत मेंदूच्या लक्षणांनी गंभीर झाले. म्हणजे तुमच्याकडे बोआ असेल तर तो हसतखेळत व्हायरस बाळगून बसू शकतो. त्याच प्रयोगात पायथनमध्ये व्हायरस फक्त मेंदू आणि मज्जारज्जूत सापडला, म्हणून रक्ताचा रिपोर्ट क्लीन आला म्हणून पेढे वाटू नका. यावर औषध नाही. साप वेगळ्या खोलीत, चिमटा आणि पाण्याची वाटी वेगळी, त्याचं काम सगळ्यात शेवटी, हात साबणाने धुऊन. माइट्स हा व्हायरस पसरवतात असा दाट संशय आहे, पाण्याच्या वाटीत काळे ठिपके तरंगताना दिसले तर ते आधी आवरा. नवीन साप तीन महिने तरी वेगळा ठेवा, वॉबलवाला तर नक्कीच, कारण त्याला आजार झाला तरी वॉबलच्या आड तो लपतो.

पायरी ७: डॉक्टरकडे जाताना.

सापांचा हात असलेला डॉक्टर सगळीकडे मिळत नाही, बऱ्याचदा पुणे-मुंबई करावं लागतं, म्हणून नंबर आजारी पडायच्या आधीच शोधून ठेवा. आधी व्हिडिओ पाठवा, जुना आणि आजचा दोन्ही. साप कापडी पिशवीत, पिशवी भोकं पाडलेल्या डब्यात, आणि एसी थेट डब्यावर नको, कसारा घाट उतरेपर्यंत तो गारठून जातो. परिवेश या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीची प्रत सोबत ठेवा, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुरुस्तीत बॉल पायथनसारख्या साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या विदेशी प्राण्यांची नोंद सक्तीची आहे. आणि शेतात सापडलेला आपला देशी अजगर डोलतोय म्हणून घरी आणला असेल तर हा लेख बंद करा आणि वनविभागाला फोन लावा, तो त्याच कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, पाळणं गुन्हा.

कागदावर चार गोष्टी लिहून न्या: शेवटचं कधी खाल्लं, वजन किती, थरथर कधी सुरू झाली, आणि त्याच्या आदल्या दोन दिवसांत घरात काय काय मारलं. चौथी ओळ बायकोला विचारून भरा.