पाहुण्याला चावी, पण सगळ्या घराची नको

गुहागरला आमच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी आहेत, वेबसाइट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या आणि सांभाळायच्या सॉफ्टवेअरवर. फोटो टाकायला एका ओळखीच्या मुलाला मी माझाच पासवर्ड देऊन बसलो. मे महिन्यात दर कुणी बदलले, कळेना. पानाच्या जुन्या आवृत्त्यांत सगळीकडे नाव माझंच!

आधी पासवर्ड बदलला, त्याने जुनी लॉगिनं तुटली. मग त्याला वेगळं खातं दिलं, भूमिका 'एडिटर'. पानं, फोटो बदलता येतात. प्लगइन (साइटला जोडलेली जादा सोयींची छोटी सॉफ्टवेअरं) आणि इतर खाती हाताला लागत नाहीत. खात्याची मुदत आपोआप संपत नाही, म्हणून ते काढायच्या तारखेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला.

खातं काढताना मात्र थांबा. त्याचा मजकूर पुसायचा की दुसऱ्याच्या नावे करायचा, असं वर्डप्रेस विचारतं. घाईत पहिला पर्याय दाबणार होतो. त्याने टाकलेले सगळे फोटो गेले असते.